‘परवडणारे घर’ कोणाला परवडते?

मुंबईतील भाड्याच्या खोलीत संसार करणारे कुटुंब स्वतःचे घर घेण्याचा विचार करू लागले की त्याच्यापुढे एक कोष्टक मांडले जाते. डोंबिवलीत चौरस फुटाचा भाव काय, बदलापुरात काय, नालासोपारा-विरारला काय आणि पनवेलकडे काय. स्टेशन जितके दूर, तितका आकडा उतरता. नवरा-बायको चार रविवार खर्च करून ही गावे पालथी घालतात, सॅम्पल फ्लॅट पाहतात, ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ या जाहिरातीतील पाच मिनिटे प्रत्यक्षात शेअर रिक्षाची वीस मिनिटे आहेत हे अनुभवाने शिकतात, आणि अखेर ज्या गावाचा आकडा पगारात बसेल त्या गावी बिऱ्हाड हलवतात. या व्यवहाराला ‘निवड’ असे भारदस्त नाव दिले जाते. बिल्डर तसे म्हणतो, बँक तसे म्हणते आणि राज्यकर्तेही तसेच म्हणतात. माणसाने आपल्या ऐपतीप्रमाणे गाव निवडले, मग तक्रार कसली, असा त्यांचा सवाल असतो.

हा सवाल आपल्याही अनेक मित्रांना बिनतोड वाटू लागला आहे, म्हणून त्याचा समाचार घेणे आवश्यक झाले आहे. या कोष्टकात भावाचा एकच रकाना असतो. श्रमिक कुटुंब जी खरी किंमत मोजते, तिचे रकाने त्यात कोणी छापत नाही. ते रकाने एकदा भरून पाहिले की जे घर स्वस्त म्हणून विकले जाते ते स्वस्त नाही, आणि ज्याला निवड म्हणतात ती हकालपट्टी आहे, हे लख्ख दिसते.

कोष्टकात नसलेले रकाने

पहिला रकाना वेळेचा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण ५४ किलोमीटर, बदलापूर ६८ किलोमीटर. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर. बदलापुरात राहून दक्षिण मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला घराच्या दारापासून कामाच्या जागेपर्यंत सुमारे दोन तास लागतात असे धरू. म्हणजे रोजचे चार तास. महिन्याचे २५ दिवस धरले तर १०० तास, आणि वर्षाचे १,२०० तास. आठ तासांचा एक कामाचा दिवस या हिशेबाने हे १५० दिवस होतात. या १५० दिवसांचा पगार त्याला कोणी देत नाही. मालकाच्या दारात वेळेवर हजर होण्यासाठी कामगार वर्षातील सहा महिन्यांचे श्रम फुकट घालतो, आणि या फुकटच्या श्रमालाच आपण ‘स्वस्त घर’ म्हणतो!

आठ तासांच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी रक्त सांडले. याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. त्या लढ्यांनी मिळवलेला वेळ आज रेल्वेच्या डब्यात परत घेतला जात आहे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. बारा तासांत प्रवासाचे चार तास मिळवा आणि उरलेल्या आठ तासांत झोप, जेवण, मुलांचा अभ्यास आणि म्हाताऱ्या आईचे औषधपाणी कसे बसवायचे, ते मंत्रिमहोदयांनीच सांगावे.

या रकान्याचा मोठा भाग स्त्रीच्या नावावर पडतो. सकाळची सहाची गाडी पकडायची तर चारला उठून डबे करायचे. रात्री परतल्यावर पाण्याची वेळ साधायची. मूल लहान असले आणि सांभाळायला घरात कोणी नसले, तर नोकरी सोडण्याची पाळी बहुधा तिच्यावरच येते. ज्या घराचे हप्ते दोन पगारांच्या भरवशावर ठरवले होते, ते मग एका पगारात फेडावे लागतात.

दुसरा रकाना जिवाचा. करोनाची दोन वर्षे सोडली तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. कोणी रूळ ओलांडताना, कोणी गर्दीच्या डब्यातून पडून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर फेकले गेले आणि त्यांतील काहींनी प्राण गमावले. एवढी माणसे एखाद्या कारखान्यात मेली असती तर मालकावर खटला भरला गेला असता. गाडीत मेली की ‘अपघात’ म्हणून नोंद होते आणि पुढची लोकल थोड्या उशिराने निघते.

तिसरा रकाना पाण्याचा. येथे या विकासाचे ढोंग पुरते उघडे पडते. मुंबईला पाणी देणारी तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा ही धरणे ठाणे आणि पालघर जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यातील. त्या पट्ट्यातील शहापूर तालुक्याच्या आदिवासी पाड्यांतील बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन मैलोगणती चालतात आणि त्यांच्या शेजारून जाणाऱ्या अजस्र नळांतून पाणी राजधानीकडे धावते. या दोहोंच्या मधल्या टापूत ‘स्वस्त’ गृहसंकुले उभी राहतात. इमारतीला नाव इंग्रजी, दारात कारंजे आणि फाटकाशी टँकर! टँकरचा खर्च महिन्याच्या देखभाल वर्गणीत येतो, चौरस फुटाच्या भावात तो कधीच दिसत नाही.

चौथा रकाना कर्जाचा. समजा, एखाद्याने ३० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता सुमारे २७ हजार होतो आणि २० वर्षांत तो सुमारे ६५ लाख रुपये भरतो. म्हणजे मुदलाहून व्याज अधिक. या काळात नोकरी कंत्राटी असेल, आणि आज ती बहुतेकांची तशीच असते, तर दर वर्षी कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या वेळी घराची टांगती तलवार डोक्यावर असते. संपाच्या सभेला जाणारा पाय मागे घेतला जातो तो येथे. घराच्या हप्त्याने बांधलेला कामगार मालकाला किती सोयीचा असतो, हे संघटनेत काम करणाऱ्या साथींना वेगळे सांगण्याची गरज नाही.

ज्याचा कागद कच्चा, त्याचे घर स्वस्त

याही पलीकडचा एक रकाना आहे आणि तो सर्वांत क्रूर आहे. तो म्हणजे कायदेशीरपणाचा. जे घर कोष्टकात सर्वांत स्वस्त दिसते, त्याच्या स्वस्ताईचे कारण पुष्कळदा हेच असते की ते घर कागदावर अस्तित्वातच नसते.

कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या तयार करून ‘महारेरा’ची नोंदणी मिळवली गेली आणि तिच्या जोरावर ६५ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. घर घेणाऱ्यांनी काय चुकीचे केले होते? सरकारी नोंदणी पाहिली होती, मुद्रांक शुल्क भरले होते, बँकेचे कर्ज घेतले होते. सरकारने शुल्क घेतले, बँकेने व्याज घेतले आणि घर मात्र बेकायदा! नालासोपाऱ्यात कचराभूमी व सांडपाणी प्रकल्प यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती झाल्या. २०२५ च्या आरंभी त्या जमीनदोस्त करण्यात आल्या आणि शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विरारमध्ये एक अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे दगावली. त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, तेव्हा ७४ जणांचा बळी गेला होता.

या साऱ्या घटनांत एक सूत्र आहे. इमारत रातोरात उगवत नाही. तिचे खांब भरले जात असताना महापालिकेचा अधिकारी त्याच रस्त्याने जातो. नगरसेवक भूमिपूजनाला येतो. वीज जोडली जाते, घरपट्टीची पावती फाडली जाते. पाडण्याची वेळ येते तेव्हा मात्र कायद्याचा हातोडा फक्त राहणाऱ्याच्या डोक्यावर पडतो. अशा घरात जाणारा माणूस मूर्ख नसतो. कायदेशीर घराचा भाव त्याच्या आवाक्याबाहेर ठेवून व्यवस्थेनेच त्याला तेथे ढकललेले असते.

मुंबईत जमीन नव्हती काय?

येथे एक ठरलेले उत्तर येते: ‘काय करणार, मुंबई बेट आहे, जमीन संपली.’ हे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात शोभेल. इतिहासाला ते मान्य नाही.

सिमेंटच्या पोत्याचा भाव दादरला आणि बदलापूरला जवळजवळ सारखाच असतो. गवंड्याची मजुरी थोडी इकडेतिकडे. मग दोन घरांच्या भावांत कित्येक पटींचे अंतर कशाचे? ते जमिनीचे. आणि जमिनीला हा भाव कोणी आणला? जमीनमालकाने त्यासाठी घाम गाळलेला नाही. लोकलगाड्या, पाण्याचे नळ, गिरण्या, बंदर, शाळा आणि इस्पितळे उभारणाऱ्या लाखो हातांनी तो भाव निर्माण केला. समाजाने निर्माण केलेली ही वाढ खाजगी खिशात जाते, आणि ज्यांच्या श्रमांनी ती झाली त्यांनाच ‘तुम्हांला हे शहर परवडत नाही’ असे सांगितले जाते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावातील सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. कामगारांच्या घरांची आशा या वाट्यावर उभी होती. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणीसाठी गिरणीची फक्त मोकळी जमीन धरायची असे ठरले. ज्या जमिनीवर शेड उभी, ती वाटणीतून वगळली गेली. एका कलमातील चार शब्द बदलले आणि शहराच्या वाट्याची जमीन आकसली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती उचलून धरली. आज तेथे मनोरे आणि मॉल आहेत. आणि कामगारांना घर कुठे देऊ केले जाते? बदलापूरच्याही पुढे, वांगणी आणि शेलूला! जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले ते हेच विचारायला, की आमच्या घामाची जमीन मुंबईत आणि आमचे घर मुंबईबाहेर, हा न्याय कुठला?

दुसरी कहाणी नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची. १९७६ च्या या कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरांहून अधिक मोकळी जमीन एका हाती ठेवण्यास बंदी केली. कायदा चांगला होता. त्यातील सूट देण्याच्या कलमाने त्याचा घास घेतला. पुढे केंद्राने १९९९ मध्ये तो रद्द केला आणि महाराष्ट्रानेही २००७ मध्ये तो मोडीत काढला. जमीन मोकळी होईल, घरे स्वस्त होतील, असे तेव्हा सांगितले गेले. स्वस्त झाली काय? ज्यांनी ती ग्वाही दिली त्यांनी उत्तर द्यावे.

आणि घरे तरी नाहीत काय? २०११ च्या जनगणनेत मुंबईतील सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. देशातील कोणत्याही शहरात इतकी रिकामी घरे नव्हती. त्याच जनगणनेत मुंबई बेटाची लोकसंख्या २००१ च्या सुमारे ३३ लाख ३८ हजारांवरून सुमारे ३० लाख ८५ हजारांवर उतरलेली दिसते, तर कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरार या दोन महापालिकांची लोकसंख्या प्रत्येकी १२ लाखांच्या वर गेलेली दिसते. शहराच्या पोटात कुलूपबंद घरे आणि शहराच्या सीमेवर माणसांचे लोंढे, हे चित्र टंचाईचे नाही, साठेबाजीचे आहे. धान्य कोठारात दडवून भाव चढवणाऱ्या व्यापाऱ्याला आपण काळाबाजारवाला म्हणतो. घर दडवून ठेवणाऱ्याला ‘गुंतवणूकदार’ म्हणतो.

जी जमीन शहराबाहेर ‘स्वस्त’ मिळते तीही कोणाची तरी असते. नवी मुंबईसाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर संपादनाचा नांगर फिरला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. गिरणगावातून कामगार उठतो आणि आगरी शेतकऱ्याच्या शेतात जाऊन पडतो. दोघेही विस्थापित, आणि मधल्या मध्ये नफा तिसऱ्याचा. या दोन विस्थापितांना ‘बाहेरचे’ आणि ‘स्थानिक’ म्हणून एकमेकांवर सोडले की राजकारण्यांचेही काम भागते.

भाडे कायद्याचे तुणतुणे

आणखी एक आक्षेप हटकून घेतला जातो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, म्हणून भाड्याची घरे बांधणे बंद झाले आणि सारा अनर्थ झाला, असे अर्थतज्ज्ञ सांगतात. यात तथ्याचा अंश आहे. दशकानुदशके न वाढलेल्या भाड्यात चाळमालकांनी दुरुस्ती सोडून दिली आणि इमारती मोडकळीला आल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हा युक्तिवाद अर्ध्यावर थांबतो. १९९९ च्या नव्या कायद्याने दर वर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. शिवाय आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात आणि त्यांच्या भाड्यावर कोणतेही नियंत्रण नाही. बाजाराला हवे ते स्वातंत्र्य मिळून कित्येक वर्षे लोटली. मग त्या स्वातंत्र्याने भाडी श्रमिकांच्या आवाक्यात का आणली नाहीत? अकरा महिने संपले की अनामत वाढवा, भाडे वाढवा, नाहीतर घर सोडा; मुलांची शाळा बदला, रेशनकार्डावरचा पत्ता बदला. ही असुरक्षितताच माणसाला कर्ज काढून दूरच्या गावी पळवते. जुन्या कायद्याचा दोष दाखवायचा तो सार्वजनिक भाड्याची घरे बांधण्यासाठी. तो दाखवून भाडेकरूला बाजाराच्या तोंडी देणे ही लबाडी आहे.

दुसरा मार्ग होता, आहे

हे सारे अटळ आहे असे मानणाऱ्यांनी गोरेगावला दिंडोशीत जाऊन यावे. मृणाल गोरे, बाबूराव सामंत, प. बा. सामंत यांच्या नेतृत्वाखालील नागरी निवारा परिषदेने कमाल धारणा कायद्यातील जमिनीसाठी संघर्ष केला, न्यायालयाची पायरी चढली आणि सामान्य उत्पन्नाच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची वसाहत मुंबई महापालिकेच्या हद्दीतच उभी केली. जी जमीन सूट देऊन बिल्डरांच्या घशात जात होती, तीच जमीन लोकांच्या संघटनेने मागितली तेव्हा तिच्यावर परवडणारी घरे झाली. म्हणजे कायदा तोच, शहर तेच. फरक होता तो रेटा कोणाचा, याचा.

दूरचे उदाहरण हवे तर व्हिएन्नाचे घ्या. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहराच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराचा कर बसवला: महालाला जबर, कामगाराच्या खोलीला नाममात्र. त्या पैशातून १९३४ मध्ये हुकूमशाहीने तिला चिरडीपर्यंत तिने सुमारे ६० हजार भाड्याची घरे बांधली. आज शतकानंतरही त्या शहरातील सुमारे निम्मे लोक नगरपालिकेच्या वा अनुदानित घरांत राहतात. तेथे कामगार जागा शोधतो तेव्हा हातात दरपत्रक घेऊन शहराबाहेर पळत सुटत नाही. आपल्याकडेही १९२० च्या दशकात परक्या सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या होत्या. त्या कोंदट होत्या, त्यांतील खोल्या अपुऱ्या होत्या, पण कामगाराने कामाजवळ राहावे एवढी जाण त्यामागे होती. स्वराज्यातील सरकारला तीही उरू नये काय?

आता काय करावे

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सरकार, रेल्वे, बंदर आणि महामंडळे यांच्या मालकीची एक इंचही शहरी जमीन विकली जाऊ नये. तीवर सार्वजनिक मालकीची, भाड्याने देण्याची घरे बांधली जावीत. गिरणी कामगारांना घर मुंबईतच मिळावे. वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवलेल्या घरांवर चढता कर लावावा. जेथे इमारत बेकायदा ठरेल तेथे राहणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा खर्च बिल्डर, परवानगीकडे डोळेझाक करणारा अधिकारी आणि कर्ज देणारी बँक यांच्याकडून वसूल करावा. कामगार संघटनांनीही घरभाडे भत्त्याच्या दोन-चारशे रुपयांवर समाधान न मानता प्रवासाच्या तासांचा प्रश्न मागणीपत्रकात आणावा.

मागण्या मान्य होईपर्यंत लोक घर घेण्याचे थांबणार नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तेव्हा डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेल येथील आपल्या प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ घर घेणाऱ्यांसाठी राखून ठेवावी. सातबारा आणि बिनशेती परवानगी पाहिली का, बांधकामाची परवानगी महापालिकेच्या दप्तरात प्रत्यक्ष जाऊन पडताळली का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, दर चटई क्षेत्रावर लावला आहे की फुगवलेल्या क्षेत्रफळावर, नळाचे पाणी आहे की टँकरचे, पावसाळ्यात उल्हास नदी कुठवर येते, हे प्रश्न शाखेच्या टेबलावर विचारले जावेत. जेथे इमारत होऊन वर्षे लोटली आणि बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे केलेली नाही, तेथे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज आपल्या कार्यकर्त्याने भरून द्यावा. या कामात भाषणाला वाव नाही, पण लोक जोडले जातात ते अशाच कामाने. मृणालताईंना ‘पाणीवाली बाई’ ही पदवी व्यासपीठाने दिली नव्हती. कोरड्या नळांपुढे रांगा लावणाऱ्या बायकांनी दिली होती.

भावाचे कोष्टक आपल्याला रोज दाखवले जाईल. त्यात आपण आपले रकाने जोडले पाहिजेत: किती तास, किती पाणी, किती व्याज, कोणाची जमीन, कोणाचा नफा. हे पाच रकाने भरून ते कोष्टक घरोघर पोहोचले तर ‘कुठे राहायला परवडेल’ हा प्रश्न आपोआप मागे पडेल, आणि ‘आम्ही उभारलेल्या शहरातून आम्हांला हाकलणारे तुम्ही कोण’ हा प्रश्न पुढे येईल. तो विचारण्याची तयारी आपण आजपासून केली पाहिजे.